ब्रिंडिसीचा मुक्काम

महाराष्ट्रातून इटलीच्या प्रवासास निघणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नगरे त्यात असावयाचीच. ज्यांस समुद्राची ओढ अधिक, ते आमाल्फीच्या किनाऱ्याची किंवा काप्री बेटाची त्यात भर घालतात. आणि इटलीच्या टाचेशी, एड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या ब्रिंडिसीकडे कोणाचे लक्ष गेलेच, तर ते ग्रीसला जाणारी बोट कोठून सुटते एवढ्या चौकशीपुरते. ही उपेक्षा मला फार खटकते. कारण ज्या काळी विलायत ही आगबोटीने गाठावयाची गोष्ट होती, त्या काळी, १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत, मुंबईहून लंडनास जाणाऱ्या टपालाच्या थैल्या युरोपच्या भूमीवर प्रथम उतरत त्या याच गावच्या धक्क्यावर, आणि लंडनहून निघालेले पत्र मुंबईच्या माणसाच्या हाती पडण्यापूर्वी युरोपचा निरोप घेई तोही येथेच. म्हणून समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावी चार दिवस काढावे असा बेत जे करीत असतील, त्यांनी त्या बेतात ब्रिंडिसीस मानाचे स्थान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी त्या गावाचा पूर्ववृत्तान्त वाचलेला असावा. कारण तेथे मुख्यतः पाहावयाचे आहे ते एक बंदर आणि त्या बंदराचे अरुंद मुख, आणि या मुखाच्या उघडण्यामिटण्यावर गावाचे दैव कसकसे फिरत गेले हे ठाऊक नसेल, तर पाहणाऱ्याच्या दृष्टीस नुसते निळे पाणी पडेल.

या बंदराची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बाहेर समुद्रात लहान लहान बेटांची रांग आहे. तिच्या आत बाहेरचे विस्तीर्ण बंदर. त्याच्याही आत मधले बंदर. आणि तेथून सुरईच्या मानेसारख्या एका चिंचोळ्या प्रवाहातून आत शिरले, की पाणी एकदम दुभंगून डाव्या आणि उजव्या अशा दोन खाड्यांच्या रूपाने जमिनीत खोल जाते. या दोन खाड्यांच्या बेचक्यात जुने गाव वसले आहे. बाहेर वादळाने कितीही थैमान घातले तरी आतल्या पाण्यावर त्याची फारशी मात्रा चालत नाही. स्ट्राबो या प्राचीन भूगोलकाराने या बंदराची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे, आणि त्याच्या शाखांचा आकार हरणाच्या शिंगांसारखा असल्याचे नमूद केले आहे. हरणाचे हे मस्तक आजही नगराच्या राजचिन्हात आहे, आणि त्याच्या जोडीला दोन खांब आहेत. त्या खांबांची हकीकत पुढे येईलच.

रोमन लोकांनी हा मुलूख जिंकला तो इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, आणि इ. स. पूर्व २४४ मध्ये येथे आपली वसाहत स्थापन केली. रोमहून दक्षिणेस जाणारा ‘आप्पियन’ मार्ग इ. स. पूर्व ३१२ मध्ये बांधावयास घेतला होता. तो वाढत वाढत अखेर ब्रिंडिसीच्या पाण्यापाशी येऊन थांबला. पुढे सम्राट त्राजानने इ. स. १०९ च्या सुमारास बेनेव्हेन्तोहून थेट येथवर दुसरा, अधिक सोयीचा मार्ग करविला. ग्रीस, मॅसिडोनिया आणि एकंदर पूर्वेकडील प्रांतांचा कारभार पाहावयास जाणारे सुभेदार, त्यांच्या पलटणी, त्यांचे कारकून आणि त्यांच्या मागोमाग जाणारे सावकार हे सारे याच मार्गाने येत आणि येथेच गलबतावर चढत. हद्दपारीची मुदत संपवून परत येणारेही येथेच उतरत. इ. स. पूर्व ५७ मध्ये सिसरो हद्दपारीतून परतला, तो ५ ऑगस्ट रोजी ब्रिंडिसीच्या किनाऱ्यास लागला. त्याची लाडकी कन्या तुल्लिया त्यास सामोरी आली होती. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता, आणि योगायोग असा, की वसाहतीच्या स्थापनेचा वार्षिक उत्सवही गावात त्याच दिवशी चालू होता. या आनंदाच्या दिवसाचे वर्णन त्याने आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रात करून ठेवले आहे. पुढे नऊ वर्षांनी तोच सिसरो सीझरशी झालेल्या यादवीत हरलेल्या पाँपीच्या पक्षाचा माणूस म्हणून याच गावी परत आला, आणि सीझर आपणास अभय देतो की नाही या चिंतेत त्याने येथे जवळजवळ वर्षभर दिवस कंठले. तेथली हवा आपणास मानवत नाही, अशी तक्रार त्याच्या त्या वेळच्या पत्रांत आहे. इ. स. पूर्व ४७ च्या सप्टेंबरात सीझर इटलीत उतरला, तेव्हा सिसरो त्यास भेटावयास वाटेवर गेला. सीझर त्यास पाहताच वाहनावरून खाली उतरला, त्यास आलिंगन दिले, आणि त्याच्याशी बोलत बोलत बरेच अंतर पायी चालला, असे प्लुटार्कने लिहिले आहे.

परंतु बंदराच्या मुखाची खरी परीक्षा झाली ती याच्या दोन वर्षे आधी. इ. स. पूर्व ४९ च्या जानेवारीत सीझरने रुबिकोन नदी ओलांडली. पाँपी रोम सोडून दक्षिणेस आला, आणि समुद्रापार जाण्याच्या इराद्याने त्याने ब्रिंडिसीत तळ दिला. त्याच्या सैन्याचा मोठा भाग घेऊन जहाजे आधीच पलीकडे ड्युर्राखियमला गेली होती, आणि तीच जहाजे परत येऊन आपणासह उरलेल्या लोकांस नेतील याची तो वाट पाहत होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सीझर वेशीपाशी येऊन थडकला. त्याच्यापाशी आरमार नव्हते. तेव्हा जहाजांवाचून बंदर कोंडण्याची जी तजवीज त्याने केली, तिचे त्याने स्वतःच केलेले वर्णन स्थापत्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. मुख जेथे सर्वांत अरुंद होते, तेथे दोन्ही काठांवरून पाण्यात मातीदगडांचे बांध घालण्यास त्याने सुरुवात केली, कारण तेथे पाणी उथळ होते. बांध जसजसे पुढे सरकले तसतसे पाणी खोल होत गेले आणि भर टिकेनाशी झाली. तेव्हा बांधाच्या टोकाला लागून तीस फूट लांब व तीस फूट रुंद असे जोडतराफे त्याने पाण्यात सोडले, लाटांनी ते हलू नयेत म्हणून प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना चार नांगर टाकून ते जखडले, त्यांना लागून पुढे तेवढेच दुसरे तराफे, त्यांच्यापुढे आणखी, अशी रांग वाढवीत नेली, आणि शिपायांना त्यांच्यावरून बिनधोक ये-जा करता यावी म्हणून त्यांवर माती पसरली. दर चौथ्या तराफ्यावर दुमजली बुरूज उभारला होता. पाँपीही स्वस्थ बसला नव्हता. त्याने बंदरातली मोठाली व्यापारी गलबते ताब्यात घेऊन त्यांवर तिमजली बुरूज चढविले, त्यांत यंत्रे व अस्त्रे भरली, आणि ही गलबते तराफ्यांवर घालून ती रांग तोडण्याचा उद्योग चालविला. असे नऊ दिवस गेले. बांधाचे काम निम्मे झाले होते, आणि निम्मे मुख अजून उघडे होते, इतक्यात परत आलेली जहाजे आत शिरली.

पाँपीने निघण्याची जी व्यवस्था केली, तीत त्याचे सेनापतित्व पूर्णपणे दिसून येते. वेशी चिणून टाकल्या; रस्त्यांत आडवे खंदक खणून त्यांत अणकुचीदार खुंट रोवले आणि वर कामट्या व माती पसरून ते झाकून टाकले; तटावर मोजके हलके शिपाई ठेवले; आणि रात्रीच्या अंधारात उरलेली फौज जहाजांवर चढविली. गावकऱ्यांना पाँपीच्या शिपायांकडून फार जाच झालेला होता, म्हणून त्यांनी घरांच्या छपरांवरून सीझरच्या लोकांना खुणा केल्या, खंदक कोठे आहेत ते दाखविले, आणि लांबच्या वाटेने त्यांस बंदरापर्यंत नेले. परंतु तोवर उशीर झाला होता. सैनिकांनी भरलेली दोन जहाजे तेवढी बांधास अडकून सीझरच्या हाती लागली. बाकीची सारी मुखाच्या उघड्या भागातून बाहेर पडली. ते मुख आणखी नऊ दिवस आधी कोंडले गेले असते, तर रोमच्या यादवीचा निकाल कदाचित येथेच लागला असता.

व्हर्जिलच्या मृत्यूची हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे तिचा येथे विस्तार करीत नाही. ग्रीसमध्ये आजारी पडलेला हा महाकवी ऑगस्टसच्या लवाजम्यासह परत येत असता ब्रिंडिसीत उतरला, आणि इ. स. पूर्व १९ मध्ये २१ सप्टेंबर रोजी येथेच निवर्तला. अपुरे राहिलेले महाकाव्य जाळून टाकावे ही त्याची अंतिम इच्छा सम्राटाने मानली नाही, हे जगावर झालेले उपकारच होत. पाण्याच्या काठावरून वर चढणाऱ्या विस्तीर्ण पायऱ्यांस आज त्याचे नाव दिलेले आहे, आणि त्या पायऱ्यांच्या माथ्यावर रोमन काळातला एकोणीस मीटरांच्या आसपास उंचीचा संगमरवरी खांब उभा आहे.

मध्ययुगात धर्मयुद्धांच्या निमित्ताने या बंदरास पुन्हा बरकत आली. इ. स. १२२५ च्या नोव्हेंबरात सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा विवाह जेरुसलेमच्या राज्याची वारस इझाबेला हिच्याशी येथील मुख्य चर्चमध्ये झाला. दोन वर्षांनी त्याच सम्राटाच्या धर्मयुद्धासाठी येथे यात्रेकरूंची आणि सैनिकांची इतकी दाटी झाली, की उन्हाळ्याच्या तापात साथ उसळून असंख्य लोक मेले. सम्राट स्वतः निघाला, पण आजारी पडून ओत्रांतोहून परत फिरला, आणि हे दुखणे बहाण्याचे आहे असे मानून पोपने त्यास बहिष्कृत केले. १२२८ च्या जूनमध्ये तो बहिष्काराचे ओझे डोक्यावर घेऊनच येथून जेरुसलेमकडे निघाला. पश्चिमेकडील खाडीवरचा भक्कम किल्ला त्याच्याच कारकीर्दीतला. ओत्रांतो १४८० मध्ये तुर्कांनी घेतल्यानंतर धास्तावलेल्या आरागॉनच्या राजघराण्याने दुसरा किल्ला बांधावयास घेतला, तो मात्र बाहेरच्या पाण्यातल्या बेटावर आहे, आणि समुद्रातून येणाऱ्यास प्रथम तोच दिसतो.

परंतु हा दुसरा किल्ला बांधला जाण्यापूर्वीच गावाचा घात झालेला होता, आणि तो परकीय शत्रूने केला नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्यास तारांतोचा अधिपती ओर्सिनी देल बाल्झो याने, शत्रूच्या आरमारास आत शिरता येऊ नये म्हणून, दगडांनी भरलेले जहाज मुखाच्या प्रवाहात बुडविले. त्या वेळचे संकट टळले असेल. परंतु बुडालेल्या जहाजाभोवती वाळू धरू लागली, वाळूवर गाळ साचला, भरतीओहोटीने आतल्या पाण्याचा जो थोडाबहुत पालट होत असे तो थांबला, आणि हळूहळू दोन्ही खाड्यांच्या काठांना कुजकी दलदल पसरली. त्यात १४५६ च्या भूकंपाने गाव उद्ध्वस्त केले. पुढची तीन शतके हिवतापाची आहेत. वस्ती ओसरत गेली. जहाजे बाहेरच नांगरून माल लहान पडावांतून आणावा लागे, आणि पुढे पुढे तीही वर्दळ आटली. ज्या ठिकाणी रोमन पलटणी चढत उतरत होत्या, तेथे उन्हाळ्यात मुक्काम करणे म्हणजे मृत्यूस आवतण देणे होऊन बसले. १५२८ मध्ये जुन्या दोन खांबांपैकी एक कोसळला, आणि त्याचे तुकडे शंभराहून अधिक वर्षे जागच्या जागी पडून राहिले; सतराव्या शतकात प्लेगमधून आपण वाचलो या कृतज्ञतेपोटी शेजारच्या लेच्चे नगराने आपल्या संतासाठी स्तंभ उभारावयाचे ठरविले, तेव्हा ते तुकडे तिकडे देण्यात आले. त्याचा पाया तेवढा येथे उरला आहे.

या दुर्दैवाचा फेरा उलटविण्याचे श्रेय आंद्रेआ पिगोनाती या स्थपतीस दिले पाहिजे. नेपल्सच्या राजाच्या, म्हणजे चौथ्या फर्डिनंडच्या, हुकुमावरून तो १७७६ च्या सुमारास येथे आला, आणि दोन वर्षांत त्याने गाळ उपसून, दोन्ही बाजूंस बांध घालून, बुजलेला प्रवाह पुन्हा मोकळा केला. त्याचे काम सर्वांशी टिकाऊ ठरले नाही. गाळ पुन्हा पुन्हा साचत राहिला, आणि एकोणिसाव्या शतकात ते अनेकदा दुरुस्त करावे लागले. परंतु मुख उघडल्याखेरीज हे गाव जगत नाही ही गोष्ट त्याने राज्यकर्त्यांच्या गळी उतरविली, आणि त्या प्रवाहास आजतागायत त्याचेच नाव आहे. माझ्या मते या गावाच्या इतिहासात सीझर आणि फ्रेडरिक यांच्यापेक्षा पिगोनातीचा मान मोठा आहे. कारण सीझरला हे मुख कोंडावयाचे होते, फ्रेडरिकला त्यातून निघून जावयाचे होते, आणि येथे राहणाऱ्या लोकांना निर्मळ पाणी व निरोगी हवा मिळावी म्हणून त्यास हात घालणारा पिगोनाती होता.

आता आपल्याशी साक्षात संबंध असलेला भाग येतो. १८६५ मध्ये एड्रियाटिकच्या काठाकाठाने येणारी आगगाडी ब्रिंडिसीस पोचली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली, आणि त्यामुळे साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचे दार मुंबई हेच ठरले. तोवर इंग्लंडचे टपाल फ्रान्समधून मार्सेलमार्गे येत असे. परंतु त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तो मार्ग बेभरवशाचा झाला, आणि इंग्रज सरकारच्या टपालखात्याने आपली डाक इटलीतून, ब्रिंडिसीमार्गे, नेण्याचा करार केला. १८७१ मध्ये आल्प्स पर्वताच्या पोटातला फ्रेज्युसचा बोगदा पुरा झाल्यावर हा मार्ग पक्का झाला. इटलीत या गाडीस ‘हिंदुस्थानची थैली’ अशा अर्थाचे नाव पडले. दर आठवड्यास लंडनहून निघालेल्या थैल्या इंग्लिश खाडी ओलांडून, फ्रान्स आणि आल्प्स मागे टाकून, इटलीच्या लांबीभर धावत ब्रिंडिसीच्या धक्क्यावर येत, आणि वाफ धरून तयार उभ्या असलेल्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीवर चढत. प्रारंभीच्या काळात अलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत हे टपाल मिसरच्या आगगाडीने जाई व तेथे पुन्हा आगबोटीवर चढे. पुढे १८९८ मध्ये केवळ ब्रिंडिसी ते पोर्ट सैद एवढ्याच पल्ल्यासाठी ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या दोन लहान पण अतिशय वेगवान बोटी बांधण्यात आल्या.

या घाईचे प्रमाण पाहावयाचे असेल तर ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीतील फिलिअस फॉगची रोजनिशी पाहावी. कथा काल्पनिक असली तरी तिच्यातली वेळापत्रके त्या काळच्या वहिवाटीस धरून आहेत. हा गृहस्थ १८७२ च्या २ ऑक्टोबरला रात्री पावणेनऊ वाजता लंडन सोडतो. पॅरिस आणि तूरिन येथे गाडी बदलतो. आणि ५ ऑक्टोबरला दुपारी चार वाजता, म्हणजे सुमारे ६७ तासांनी, ब्रिंडिसीस पोचतो. पाच वाजता त्याची बोट सुटते. ज्या गावी सिसरोने वर्ष काढले आणि व्हर्जिलने प्राण ठेवला, त्या गावाच्या वाट्यास एकोणिसाव्या शतकात प्रवाशाच्या वेळापत्रकातला एक तास आला. उतारूंसाठी म्हणून बंदरावर याच सुमारास एक भव्य हॉटेल उभे राहिले, आणि ते अद्यापि तेथे आहे. परंतु थैल्यांवर मोहर असे आणि उतारूंची नजर घड्याळावर असे, त्यामुळे या प्रचंड रहदारीतून गावच्या पदरात फारसे काही पडले नाही. आगबोट चुकली तरच कोणी रात्रीचा मुक्काम करी.

इकडे मुंबईत मात्र त्या थैल्यांची वाट पाहणारी किती माणसे असत! एडन ते मुंबई या पल्ल्यात बोटीवरच टपालाची वर्गवारी चाले, म्हणजे बंदरास लागताच पत्रे निरनिराळ्या गाड्यांवर चढविता यावीत. कज्जेदलालीचे कागद, प्रिव्ही कौन्सिलचे निकाल, गिरण्यांच्या यंत्रसामग्रीची बिले, विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलांची खुशालीची पत्रे, सारे त्यात असे. सावरकरांनी १९०६ पासून लंडनहून पाठविलेली बातमीपत्रे ‘विहारी’ आणि ‘काळ’ यांतून महाराष्ट्रभर वाचली जात होती, तो काळ याच टपालमार्गाचा होय. माणसेही या वाटेने गेली. सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर १८७८ मध्ये मुंबईहून निघाले, ते अलेक्झांड्रियाहून ‘मंगोलिया’ बोटीने येऊन युरोपात प्रथम उतरले ते ब्रिंडिसीस.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि टपालाचा हा मार्ग बंद पडला. बंदर नौदलाच्या ताब्यात गेले. १९१५ च्या सप्टेंबरात ‘बेनेदेत्तो ब्रिन’ ही युद्धनौका या बंदरातच स्फोट होऊन बुडाली आणि साडेचारशेहून अधिक माणसे दगावली. युद्धानंतर इटालियन बोटींची मुंबईकडे ये-जा चालू राहिली. दुसरी गोलमेज परिषद आटोपून रोममार्गे आलेले महात्मा गांधी १९३१ च्या १४ डिसेंबरला ‘पिल्स्ना’ या बोटीवर चढले ते ब्रिंडिसीसच. २८ डिसेंबरला ती मुंबईस लागली, आणि आठवड्याच्या आत त्यांस अटक झाली. त्याच दशकात इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमाने या बंदरातून पूर्वेकडे उडत. पॅरिसहून उतारू आगगाडीने येत आणि येथे विमानात बसत. कराचीस पोचलेली ही हवाई डाक पुढे मुंबईस आणण्याचे काम जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी आपल्या लहानशा विमानाने सुरू केले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सप्टेंबरात, रोम सोडून निघालेला राजा व्हिक्टर इमान्युएल आणि त्याचे मंत्रिमंडळ येथे येऊन राहिले, आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत ब्रिंडिसी ही इटलीच्या सरकारची गादी झाली.

पण जो प्रसंग मला या गावच्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो तो अगदी अलीकडचा आहे. १९९१ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आल्बेनियातील राजवट मोडकळीस आली असता, अन्नान्नदशेस पोचलेले त्या देशाचे लोक मिळेल त्या गंजलेल्या जहाजांत दाटीवाटीने उभे राहून समुद्र ओलांडू लागले, आणि ७ मार्चच्या सुमारास अवघ्या दोन-तीन दिवसांत पंचवीस हजारांहून अधिक माणसे ब्रिंडिसीच्या धक्क्यांवर उतरली. गावची वस्ती तेव्हा लाखाच्या आत होती. सरकारी बंदोबस्त उभा राहण्यास अवकाश होता. पाऊस आणि थंडी होती. आणि या पोक्त नगराने, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता, आपल्या शाळा, चर्चे आणि घरांची दारे उघडली. बायकांनी अन्न शिजवून धक्क्यावर आणले, कपडेलत्ते दिले, परक्या मुलांना आपल्या घरी निजविले. दोन हजार वर्षे ज्या मुखातून लोक बाहेर पडत आले, त्या मुखातून इतकी माणसे आश्रयासाठी आत आली, आणि त्यांना परतवून लावण्यासाठी गावाने त्यात दगडांचे जहाज बुडविले नाही.

एवढे वाचून कोणास तेथे जावेसे वाटले, तर बेत असा करावा. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळावे. मे किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. रोमहून थेट विमानही आहे, परंतु ज्यास टपालाच्या गाडीचा मार्ग पाहावयाचा असेल त्याने आंकोनाहून समुद्रकाठच्या आगगाडीनेच यावे. मुक्काम जुन्या गावात, बंदराच्या जवळ करावा, आणि निदान तीन दिवस राहावे. पहिल्या दिवशी खांब आणि व्हर्जिलच्या पायऱ्या पाहाव्या. खांबावरचे मूळ कोरीव शीर्ष ग्रानाफेई-नेर्वेन्या प्रासादात खाली ठेवलेले असल्यामुळे त्यावरचे देवदेवतांचे मुखवटे डोळ्यांच्या पातळीवर निरखता येतात. मुख्य चर्चशेजारील पुराणवस्तुसंग्रहालयात १९९२ मध्ये गावाच्या उत्तरेस समुद्रतळाशी सापडलेल्या काशाच्या मूर्तींचे अवशेष आहेत. तेथे घाई करू नये. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून लहान मोटारबोटीने पश्चिमेकडील खाडी ओलांडून पलीकडे जावे. तेथे १९३३ मध्ये उभारलेले, सुकाणूच्या आकाराचे, ५३ मीटर उंचीचे खलाशांचे स्मारक आहे. त्याच्या माथ्यावर गेले, की दोन्ही खाड्या, पिगोनातीचा प्रवाह, मधले व बाहेरचे बंदर आणि बेटावरचा किल्ला हे सारे एका दृष्टिक्षेपात येते, आणि सीझरने तराफे कोठे जखडले असतील याचा अदमास बांधता येतो. फ्रेडरिकचा किल्ला नौदलाकडे असल्यामुळे तो पाहण्याची परवानगी आधी काढावी. विमानतळाच्या बाजूस सांता मारिया देल कासाले हे रंगीत दगडांच्या दर्शनी भागाचे चर्च आहे. टेंपलर पंथाच्या सरदारांची चौकशी १३१० मध्ये तेथे झाली होती, आणि आतली भित्तिचित्रे पाहण्यास सकाळचा उजेड बरा. जेवणात त्या भागातले हिरवेजांभळे आर्टिचोक मिळाल्यास सोडू नये.

तिसरा दिवस लेच्चेसाठी ठेवावा. आगगाडीने तेथे जाण्यास अर्धा तास पुरतो, आणि ब्रिंडिसीत कोसळलेल्या खांबाचे संगमरवर त्या नगराच्या मुख्य चौकात, संत ओरोन्त्सोच्या स्तंभात, अजून उभे आहे. ते पाहिल्यावाचून ब्रिंडिसी पाहून झाले असे मानू नये.